निळ्या कपाचा टवका

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष हंबीरराव, प्रमुख पाहुण्या क्रांतीताई, निवडणूक शाखेतले माझे सहकारी आणि जमलेल्या कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो,

तेहतीस वर्षं नोकरी केली, आज शाल मिळतेय. कशाबद्दल? क्रांतीताई म्हणाल्या, "अमरसिंह साहेबांनी परदेशात जाऊन लोकशाही तपासली." व्हय, तपासली की! त्याचंच सांगतो.

सहा वर्षांपूर्वी मी गेलो, त्या देशाला एका आंतरराष्ट्रीय परिषदेचं सभासदत्व हवं होतं. अट अशी, की राजकीय कैदी सोडायचे आणि निवडणूक मोकळी घ्यायची. अट पाळली का, हे बघायला आम्ही पाच देशांचे पाच निरीक्षक एका गावात गेलो. घरोघर विचारायचं, तुमच्यातलं कुणी तुरुंगात आहे का? दुभाषा हसून सांगायचा, "सगळे सुखरूप घरी आहेत."

प्रत्येक घरात चहा. बाकीच्यांनी दुसऱ्याच घरात हात जोडले. आपण पडलो कोल्हापूरचे, चहाला नको म्हणणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान! मी पीत राहिलो. पहिल्याच घरात निळ्या कपाच्या टवक्यानं ओठ कापला होता.

पाचव्या घरात कप आला. निळाच. काठाला तोच टवका, आणि त्यावर माझंच रक्त वाळलेलं.

मंडळी, मी कप हातात धरून दाराबाहेर बघितलं. मग ध्यानात आलं, गावात एक कुत्रं भुंकत नव्हतं. चुली थंडगार. मग चहा कुठून येत होता? मागच्या दारानं कुणीतरी तोच चहा, तेच कप घेऊन आमच्या पुढं जाऊन घरं मांडत होतं.

त्या घरातल्या म्हातारीनं कप फिरवून डाग माझ्याकडं केला. मग भिंतीकडं बघितलं. तिथं काढून नेलेल्या फोटोची चौकोनी खूण होती, आणि खाली पोराचे बूट, पुसून ठेवलेले. दुभाषा म्हणाला, "साखर हवी का, विचारतेय." अहो, तिनं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं!

मी काय केलं? चहा संपवला. संध्याकाळी चौघांबरोबर सही केली : 'अटींची पूर्तता समाधानकारक.' देश सभासद झाला. समोर बसलेली माझी आक्का म्हणते, "तू लई भिडस्त हाईस रं." आक्का, मी भित्रा आहे.

परवा घरी पार्सल आलं. पत्र नाही, नाव नाही. आत तोच निळा कप, डाग तसाच. सहा वर्षं तो कुणी धुतलेला नाही.

सही मागं घेतो, असं परिषदेला काल कळवलंय. तिचं पोरगं जिवंत आहे का, तेवढं तरी विचारा, असंही लिहिलंय.

हंबीरराव, शाल राहू द्या. आपण सगळे कामं टाकून आलात, मी आपला ऋणी आहे. बोलताना कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. त्या सहीचं मात्र सांभाळून घेऊ नका.

आणि पिराजी, चहा माघारी ने. मला नको.