तिसरा पुकारा

हसू नका रे, तेव्हा मी बुऱ्हाणपूर कोर्टात जजसाहेबांचा रीडर होतो, त्यांच्या फायली सांभाळायचो. बहादरपुरची एक बाई आली. नवरा सात वर्षांपासून बेपत्ता. त्याला मयत ठरवा, त्याशिवाय केळीचं शेत माझ्या नावावर होत नाही म्हणे.

साहेब म्हणाले, "फैसल्याआधी त्याच्या नावाचा पुकारा करा."

चपराशानं व्हरांड्यातून तीनदा नाव पुकारलं. तिसऱ्यांदा बाहेरून उत्तर आलं, "हाजिर, साहेब!"

मी धावलो. भरदुपारी व्हरांडा रिकामा!

बाई म्हणाली, "आवाज त्यायचाच हाये."

साहेबांनी पेन उचललं. मग ऑर्डरशीटवर लिहिलं, "आवाज हाजिर, माणूस गैरहाजिर," आणि दाराकडे बघत पुढची तारीख मोठ्यानं सांगितली.

जाताना बाईनं मला हळूच विचारलं, "भाऊ, तारीख त्यायले ऐकू गेली असीन ना?"