पाटलाचं काम केरबा आबांनी केलं

आधी केरबा आबांचं नाव लिहा, मग माझं. मी मारोती, गाव वालूरजवळचं, वस्ती गावाबाहेरची, आणि त्या वस्तीतला पहिला बी. ए. मी झालो तो आबांमुळं. नात्यानं ते माझे कुणी नव्हेत. पूर्णेला रेल्वेत गँगमन होते, दोन खोल्यांचा क्वार्टर होता, आणि त्या क्वार्टरात आमच्या भागातली आम्ही पोरं शाळेसाठी राहायचो, आबांच्याच पगारातली भाकर खायचो. आपल्या खोलीत त्यांना पाय पसरायला जागा नसायची, तरी म्हणायचे, झोपा रे, मला तशीबी ड्यूटी हाय.

पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज गेलं म्हणून गावात गूळ वाटला, पण वेठ काही गेली नव्हती. वेठ म्हणजे काय सांगू तुम्हाला, अंमलदार दौऱ्यावर आला की त्याचं सामान आमच्या माणसांनी डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला पोचवायचं, फुकट, मग पेरणी असो की घरात मयत असो. आबा सुट्टीवर आले होते, पाटलांनी चावडीवर बोलावून त्यांना चारठाण्याला ओझं न्यायला सांगितलं, तर आबांनी एवढंच विचारलं, हमाली किती देता. तेवढ्यावरून चाबकानं मारलं त्यांना, सगळ्या वस्तीसमोर. पाठ बरी झाल्यावर आबा वस्त्यावस्त्यांतून हिंडले, लोकांना तोच प्रश्न विचारायला शिकवला, अर्ज केले, कोठडीतही बसले, आणि आमच्या भागातली वेठ बंद पडली.

तर माझा निकाल लागला तेव्हा वाटलं, ह्या माणसाला आपण द्यायचं काय, आपल्याला लिहिता येतं, तर त्यांचं नाटक लिहावं. लिहिलं. आबांचं काम मी घेतलं. पाटलाचं काम मात्र कुणी घेईना. वस्तीतला सटवा म्हणाला, मला गाढव करा, पन आबाला शिव्या देणारं तोंड माझं न्हाई. दुसरा म्हणाला, गाढवाला लय पाठांतर नसतं म्हनून मागायलाय ते. सगळे हसले, पण पाटलाचा पटका तसाच पडून राहिला. आबा तालीम बघायला आलेले, ते म्हणाले, आना इकडं, पाटलाला माझ्याइतकं जवळून कुनी पाह्यलंय? पाटील तोवर वारले होते. आबांनी पटका बांधला, बाजेवर बसले, घसा खाकरला, आणि आम्ही पोरं नकळत सरळ उभी राहिलो. आम्हाला वाटलं, काय झकास नक्कल आहे.

गावात गॅसबत्ती एकच, ती पाटलांच्या घरची, ती मागायची नाही असं आबा म्हणाले, म्हणून खेळ दिवस मावळायच्या आत ठेवला. वालूरच्या बाजारातून परतणारी माणसंही थांबली. माझा बाप धोंडिबा पुढंच बसला होता. मांडवाचे बांबू त्यानंच रोवले होते, म्हणजे हे नाटक आहे हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी विचारलं, हमाली किती देता. आबांनी चाबूक उगारला, मी पडलो, वळवळलो, आणि आबा पाटलाच्या आवाजात म्हणाले, आनखी कुनाला हमाली पायजे?

तर माझा बा उठला. हात जोडून, कमरेत वाकून. त्याचा रुमाल खाली पडला. म्हणाला, जी मालक, लेकराचं चुकलं, वझं मी नेतो.

बाजारची माणसं खो खो हसली. कुणीतरी ओरडलं, ए म्हाताऱ्या, नाटक हाय ते! आमच्या वस्तीतलं कुणी हसलं नाही. मी जमिनीवर पडलेला, बी. ए. झालेला, आणि मला वाटायलं की ही जमीन फाटावी. आबांनी पटका काढला. खाली येऊन रुमाल उचलून बाच्या हातात दिला आणि म्हणाले, धोंडिबा, मी केरबा हाय. बा म्हणाला, ठावं हाय मला.

आबा जेवायला थांबले नाहीत. माय भाकर बांधून मागं धावली, तीही घेतली नाही. मला म्हणाले, मारोती, इतकी वर्सं मी ह्या मानसाला ताठ उभं ऱ्हा म्हनलो, आन् माझ्याच एका आवाजानं त्याला वाकवलं. मला ह्या वस्तीत त्वांड दाखवायची लाज वाटायलीय. ते गेले ते गेलेच. सुट्टीला आले नाहीत, पोळ्याला आले नाहीत. मी निरोप धाडले, उत्तर नाही. त्यांची लाज, बाची लाज, आणि ह्या दोघांना चारचौघांत उभं करणारा शहाणा मी.

महिन्याभरानं एकदा शेळ्यांना पाला टाकता टाकता बा जे बोलला, ते मी आबांना लिहून पाठवलं. तुम्ही माझी कहाणी घ्यायला आलात, पण मला वाटतं तेवढं पत्रच पुरेल. नक्कल ठेवली आहे, वाचतो.

तीर्थरूप केरबा आबांस, मारोतीचा साष्टांग नमस्कार.

आबा, बा तुमच्या आवाजाला भिऊन उठला नाही. तो म्हणतो, चावडीवर केरबाला मारलं तेव्हा मी हाताच्या अंतरावर बसलेलो होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् मी खाली बघितलं. मी उठलो न्हाई. नाटकाच्या दिशी उठलो. हात जोडले ती जुनी खोड, पन पाय माझे होते. आबा, हे तुम्हाला इतकी वर्षं माहीत होतं, आणि तरी तुम्ही त्याच्याच पोराला घरी ठेवून शिकवलंत, हे मला आता कळलं. आता तो म्हणतो, नाटकात मी चावडीवर तसाच बसलेला दिसलो पाहिजे, तसं लिही. मी लिहायला घेतलं, पण लिहवत नाही. म्हणून शनिवारच्या गाडीनं आम्ही दोघं पूर्णेला येत आहोत. तुमच्या क्वार्टरापर्यंत तो येईल, पुढं येणार नाही, बाहेर पायरीशी बसेल. मी सांगून ऐकायचा नाही. त्याला तुम्ही आत बोलवा.

आपला,
मारोती