कॉफीचं बारीक दळण

मार्गशीर्ष, १९७४. आभाळ मोकळं, वारा गार. आमच्या लेकीला न्यायला जावई रिठदला आले, ते बंगलोरहून हाताने फिरवायचं कॉफी दळायचं यंत्र आणि ती गाळायचा चाळणीचा डबा घेऊन. लेक आणखी एक रात्र राहावी, असं माझ्या बायकोच्या मनात होतं. पण शेवटची गाडी चारची.

“कॉफी पेल्याशिवाय लेक धाडत नाही,” म्हणत तिनं यंत्राचा स्क्रू आवळून पिठासारखी पूड दळली. वर उकळतं पाणी ओतलं, पण डब्याच्या चाळणीतून थेंब उतरेना.

“मामी, स्क्रू ढिला करा. जाडी पूड लागते,” जावई म्हणाले.

“जाडंभरडं जावयाले देऊ? लोक काय म्हणतीन?” तिनं तो आणखी आवळला.

“गाडी चुकून राह्यली ना!” मी म्हटलं.

“मंग फुका त्या डब्यात!” ती मला म्हणाली.

शेवटी जावयांनीच स्क्रू ढिला करून दळलं. कॉफी उतरली तेव्हा गाडी गेली होती. दोघं सकाळी गेली.