शिडीतलं एक मत

…नाई सांगत म्हंजे नाईच सांगत! आता तुमीच पाहा राजेहो, माही लग्नाची बायको भुरी, शेळी आटली तरी मले सांगते, शेजारच्या लालीबाईचं पोट दुखलं तरी मले सांगते, अन् सत्तावनच्या इलेक्शनात मत कोठं टाकलं हे पाच साल झाले इचारून राह्यलो, तर भाकर थापता थापता म्हनते, "ते सांगाचं नसते." काहून नसते? मी का परका हावो? त्या पडद्यामांगं बाईनं काय केलं, देव जाने…

तुमाले सांगतो, आमच्या तांड्याची रीत साधी. सोयरीक कोठं कराची ते धरमसिंग नायक सांगते, भांडन नायकाच्या वट्यावर मिटते, मंग मत काय आपलं आपलं टाकाचं? बबनराव उमेदवार आले, हात जोडून म्हने, "तांड्याले इहीर देतो." आता हेच त्याच्या आंदीच्या इलेक्शनातबी म्हनले होते, पन नायक म्हनला का सारा तांडा बबनरावच्या सायकल निशानीच्या पेटीत, तर सायकलीत! मीबी छाती ठोकून बोललो, "माह्या घरच्या दोन्ही मताची जबाबदारी माही, एक इकडचं तिकडं झालं तर माहा हुक्का-पानी बंद करा." कायले बोललो? कोनं सांगतलं होतं?

तवा दर उमेदवाराची पेटी अलग राहे, पेटीवर चित्र चिकटवलेलं. एक सायकल, बबनरावची; एक शिडी, त्याच्या इरोधातल्याची. भुरी नाल्यावरून पानी घेऊन येऊन राह्यली, डोक्यावर दोन घागरी, अन् मी तिच्या मांगं मांगं, "भुरे, ध्यानात ठेव, दोन चाकं… चाकं दिसले का टाक." थे आपली घागरी सावरत पुढं. मंग लिंबाखालच्या मांडवात गेलो, थे पडद्यामांगं गेली, अन् मी जरासाच… जरासाच वाकलो, तं तिथल्या साहेबानं माहा खांदाच धरला! "ओ भाऊ, कुठे निघालात?" म्या म्हनलं, साहेब, बायको हाये माही. तं म्हने, "इथे ती बायको नाही, मतदार आहे." हे काय बोलनं झालं? घरून निंगाली तवा तं बायकोच होती!

अन् किती वेळ लावला, बाप्पा! मी तेवढ्यात बंडीचं चाक बसवलं असतं. निंगाली ते घुंगट सावरत, अन् हासून राह्यली. तवापासून माही झोप गेली. त्या पडद्यामांगं बाईनं काय केलं, देव जाने…

मोजनी झाली. बबनराव आले निवडून. पन आमच्या मांडवातल्या पेट्या उघडल्या तं सारा तांडा सायकलीत, अन् शिडीत एक. एकच! नायकानं वट्यावर सारे बोलावले, डोये लाल, "कोन हाये तो?" सारे मानसं शपथा घेऊन राह्यले, मंग एकमेकाकडे पाहून राह्यले, मंग जो तो आपल्या बायकोकडे. भुरी बांगड्या पाहून राह्यली. हुक्का-पानी गेला, रूपसिंगा, म्या मनाशी म्हनलं, आता तुले चिलमीलेबी कोनी इचारनार नाई.

तेवढ्यात बबनरावची जीप आली. निवडून आलेला मानूस, पन तोंड असं उतरलेलं का जसा पडला! म्हने, "नायक, हे एक मत काहून गेलं? आज एक गेलं, उद्या घरोघरचं जाईन. सांगा, तक्रार काय हाये?" नायक माह्याकडे पाहून राह्यला. मी जीपच्या चाकाकडे. अन् मांगून, बायाईच्या घोयक्यातून, कोन्या घुंगटातून आवाज आला, "इहीर." कोन बोललं? सारे घुंगट खाली!

उनाळा सरला नाई तं सुरुंग लागले, राजेहो. इहिरीले पानी लागलं, गोड. अन् आता त्या इहिरीवर जाऊन पाहा! लालीबाई म्हनते, "ते शिडीतलं मत माहं होतं." गंगी म्हनते, "माहं." अन् नायकाची बायको, रुपीबाई, थेबी म्हनते, "माहंच होतं!" आता नायक कोनाचा हुक्का-पानी बंद करन? मी वाचलो. पन घरी येऊन म्या भुरीले इचारलं, सारेच सांगून राह्यले, आता तं सांग, तूच ना? तं म्हनते, "ते सांगाचं नसते." खरं सांगतो, त्या दिवशी मले तिचा रागबी आला अन् अभिमानबी वाटला.

आता पुन्हा इलेक्शन आलं. म्हने आता पेटी एकच, कागदावर शिक्का माराचा. नायकानं सारे बोलावले, पगडी खाली ठेवली, डोस्कं खाजवलं, अन् म्हने, "या बारीले ज्याचं त्यानं पाहा." झालं! जलमात पयल्यांदा मले कोनी सांगतलं नाई का कोठं टाक. मी इहिरीवर गेलो. भुरी दोर ओढून राह्यली होती. हयूच म्हनलं, भुरे, तुले कयते, मी शिक्का कोठं मारू? तिनं घागर काठावर ठेवली, माह्याकडे पाह्यलं, अन् म्हनते, "ते इचाराचं नसते."

घ्या! म्हंजे आता त्या पडद्यामांगं आपलं डोस्कं आपल्यालेच चालवा लागते.