एका वहीतली दहा वाक्यं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या पत्रद्वारा इंग्रजी वर्गाचे संचालक, व्यासपीठावरचे मान्यवर, शेजारच्या टेबलांवरच्या माझ्या सहकाऱ्यांनो, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघणाऱ्या मंडळींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी सात घेणार. एकतीस वर्षं क्रियापदं निस्तरल्यावर एवढा हक्क पोचतो.

आत्ता माझं जे कौतुक झालं ते ऐकून वाटलं, अगंबाई, ही कोण? मी तर तुमची शंकाबाई. शंकाही त्याच त्या. 'ही'च्या पुढे 'डोन्ट' का चालत नाही? अर्जात 'आय अ‍ॅम' जोडून 'आयम' लिहिलं तर साहेब रागावतात का? 'वोन्ट' हा 'विल नॉट'चा कोण लागतो? दत्तक घेतलेला, असं मी कळवलं होतं. हसा, हसून घ्या.

आपली पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. विद्यार्थी दर आठवड्याला मनानं दहा वाक्यं लिहून वही पाठवतो, आपण लाल पेन फिरवून परत धाडतो. अध्यक्षमहाराज, पहिल्याच दिवशी तुम्ही मला बजावलंत, "बाई, वाक्य तपासा, त्यातली कहाणी वाचत बसू नका. नाहीतर ढीग कधी उपसणार?" मलाही ते पटलं. लोक काहीही लिहितात हो! एकानं भूतकाळाच्या सरावापायी एकच आजोबा चार वेळा मारले होते.

सात वर्षांपूर्वी एक शिवणकाम करणारी बाई आपली विद्यार्थिनी होती. कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसायची. इंग्रजी आलं की सुपरवायझर होईन म्हणायची. तिनं लिहिलं, नवरा मला किल्ली देत नाही. मी 'डोन्ट' खोडून 'डझन्ट' केलं. पुढच्या वहीत, तो बाहेरून कुलूप लावतो. तिथे एक 's' राहिला होता, तो घातला. शेवटच्या वहीत, तो म्हणतोय, तुला संपवीन. त्या दहांत एकही चूक नव्हती. मी खाली लिहिलं, "शाब्बास! अशीच प्रगती करा."

पुढची वही आली नाही. मी आपलं छापील कार्ड टाकलं, आळस करू नका म्हणून.

ते कार्ड घेऊन तिची आई आली. हो, इथेच, माझ्या टेबलाशी. लेकीला जाऊन नऊ दिवस झाले होते. जावई पोलिसांच्या ताब्यात होता. आईला इंग्रजी येत नव्हतं. वही पुढे करून म्हणाली, "पोरीनं काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा." मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. खरं सांगते, तोवर मी ती वही वाचलीच नव्हती. पत्ता पुठ्ठ्यावर होता. पाकिटावर दर आठवड्याला मीच तो लिहीत होते.

सगळं ऐकून तिनं बोट ठेवून विचारलं, "आणि बाई, या लाल खुणा कसल्या?"

"बरोबर असल्याच्या," मी म्हणाले.

तिनं वही पदराखाली घेतली आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हे आजवर कुणाला सांगितलं नाही, माझ्या घरीसुद्धा. भित्री आहे मी.

अध्यक्षमहाराज, तुम्ही मान खाली घालू नका. नियम तुमचा होता, पण डोळे माझे होते. फक्त या मानपत्रात 'एकही वही बाईंच्या नजरेतून सुटली नाही' असं छापलंय, ते खोडा. मग मी ते घेईन. आणि उद्यापासून माझ्या खुर्चीत बसणाऱ्या पोरी, आधी वाच, मग पेन उचल. ढीग साचला तर साचू दे, बोलणी खा. काही खटकलं तर वही टेबलावर ठेव आणि त्या पत्त्यावर जा.

इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. समारंभाचा रंग बिघडवला, बोलण्यात काही कमीजास्त झालं, ते या सभेनं पोटात घालावं. त्या आईकडे हेच मागायला मात्र मला तोंड नाही.