बालीतले बिनडोळ्यांचे गणपती

मला एक सांगा, भाताचं शेत बघायला तुमच्यापैकी कुणी कधी विमानात बसलंय का? मी बसले! हमरापूरहून निघून, पाय सुजवून, थेट त्या बाली बेटावर... आणि बघायला काय, तर भात! उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी लावलाय, मान्य, हिरवागार आहे, मान्य, पण भातच ना? लोक रांग लावून बांधाचे फोटो काढतायत, एक गोरी बाई लांबलचक लाल झगा घालून झोपाळ्यावर किंचाळतेय. आमच्याकडे बांधावर बाई किंचाळली तर लोक आधी काठी घेऊन साप शोधतील!

"आई, एन्जॉय कर गो!" हा माझा मुलगा, सुजय.

"कसलं एन्जॉय? लावणीला ये, चिखलात उभा करते, फुकटात एन्जॉय कर!"

यासाठी विमानात बसले मी?

आता का बसले तेही सांगते. मी गणपतीचे डोळे आखते. पंचवीस वर्षं झाली. आमच्या कारखान्यात रंग कुणीही मारील, पण डोळे माझे. गेल्या वर्षी एका, अहो फक्त एका मूर्तीचा डावा डोळा केसभर वर गेला... तेव्हापासून याचं सुरू. "आई, तुझा हात थकलाय. आता डोळे नितेश आखेल." नितेश! ब्रश धरायला शिकला तो माझ्याकडेच! मी म्हटलं, नाय जमणार. तर सूनबाई, मृणाली, साखरेच्या आवाजात म्हणते, "आई, आधी आठ दिवस फिरून तर येऊ, मग ठरवू." म्हणजे मी नारळाच्या झाडाखाली, आणि तिकडे नितेश माझ्या पाटावर! फिरायला नेत नव्हते हो मला, बाजूला ठेवत होते.

बरं, फिरवलं तरी कुठे? माकडांच्या जंगलात! तिकीट काढून! एका माकडाने मृणालीचा गॉगल पळवला, तर तो गाईड टाळ्या वाजवतोय, "व्हेरी क्लेव्हर मंकी!" आमच्याकडची वानरं पत्र्यावरचे वाळत घातलेले पापड उचलतात, त्यांना कुणी क्लेव्हर म्हणतं? दगड खातात ती! आणि नाश्ता... नाश्त्याची परडी पोहायच्या तलावात सोडतात, आणि आपण छातीएवढ्या पाण्यात उभं राहून खायचं. धरमतर खाडीचा बांध फुटला की आमची माणसं अशीच उभी असतात, फक्त हातात पावाचा तुकडा नसतो. यासाठी विमानात बसले मी?

पण या सगळ्यावर कडी म्हणजे तिथले गणपती. गल्लोगल्ली! हॉटेलच्या दारातच एक, पांढऱ्या दगडाचा, कमरेला काळ्यापांढऱ्या चौकटींचं कापड, कानावर चाफा, समोर पानाच्या द्रोणात फुलं, उदबत्ती. सगळं छान. आणि डोळे? नुसत्या दोन खोबणी! अहो, कच्ची मूर्ती! कच्च्या मूर्तीपुढे उदबत्ती लावतात ही माणसं! येता-जाता वाटायचं, तो माझ्याकडे बघतोय... बघतोय कसला, बघायला डोळे नकोत?

तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी संध्याकाळी हे दोघे सूर्यास्त बघायला गेले, जसा काही आमच्या वडखळला सूर्य मावळतच नाय, आणि मी मृणालीची काजळाची पेन्सिल घेतली. श्वास रोखला. वरची पापणी, एका रेघेत. मग खालची. बुबुळ. मधे उजेडाचा ठिपका मोकळा सोडला...

"मॅडम! मॅडम! नो, नो, मॅडम!" काउंटरवरची मुलगी धावत आली, तिच्यामागे मॅनेजर, त्यांच्यामागे माळी, आणि नेमका तेव्हाच सुजय दारात! "आई! काय केलंस गो हे? हे काय हमरापूर हाय? आता पोलीस येतील, पोलीस!"

मॅनेजर वाकला. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. मागे सरकला, तर गणपती त्याच्याकडेच बघतोय. बाजूला झाला, तरी त्याच्याकडेच! त्याने हात जोडले आणि भरभर इंग्रजीत काहीतरी बोलला.

सुजयच्या मागून मृणाली म्हणाली, "आई... ते विचारतायत, मागच्या बागेत अजून चौदा आहेत, त्यांचेही डोळे आखाल का?"

सुजय गुडघ्यावर बसला, डाव्या डोळ्याला नाक लावलं, अंगठ्याने माप घेतलं, मग उजव्याचं घेतलं, मग पुन्हा डाव्याचं. पंचवीस वर्षांत एवढी भीती मला गिऱ्हाइकाची वाटली नव्हती. शेवटी उठला आणि फोन लावला. "नितेश? मोठ्या मूर्तींच्या डोळ्यांना हात लावू नको. आई येतेय."

बघा! एवढं एक वाक्य बोलायला याला समुद्र ओलांडायला लागला! कारखान्यात उभं राहून नसतं बोलता आलं? यासाठी विमानात बसले मी?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघे होडीतून डॉल्फिन बघायला गेले, आणि मी, आराम करायला आलेली बाई, बागेत स्टूल टाकून चौदा गणपतींचे डोळे आखत बसले.