बिनविरोध

(वॉशिंग्टन. अधिवेशनाचा शेवटचा दिवस. नॉर्थ डाकोटाच्या सेनेटर मारित टोलेफसन यांच्या दालनात न्यू जर्सीचे प्रतिनिधी रसेल क्वाट्रोन.)

मारित : ...नाही, खरंच आनंद झाला. प्रतिनिधिगृहातली माणसं आमच्या बाजूला सहसा फिरकत नाहीत.

रसेल : टोमणे नंतर मारा, मारित. आमच्याकडे चारशेच्या वर मतं पडली. म्हाताऱ्या सैनिकांच्या रुग्णालयाचं विधेयक आहे, रुग्णालय माझ्या वडिलांच्या नावाचं. आज सेनेटमध्ये बिनविरोध झालं तर झालं, एकाचीही हरकत आली की संपलं. आणि तुम्ही म्हणे हरकत घेणार.

मारित : ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं.

रसेल : का पण?

मारित : मी तुमच्या गृहात होते तेव्हा आमच्या गावच्या पूरभिंतीचं विधेयक तुमच्या समितीत होतं. अध्यक्ष तुम्ही. ‘नाही’ असं कधी म्हणाला नाहीत, फक्त मतदानाला घेतलं नाहीत. वर सगळ्यांदेखत म्हणालात, अख्ख्या राज्याचा मिळून एक प्रतिनिधी, त्याच्यासाठी समितीचा दिवस घालवू?

रसेल : लोक हसले होते.

मारित : मीही हसले. पुढच्या उन्हाळ्याआधी बर्फ वितळलं आणि नदीनं शाळा नेली.

रसेल : चुकलं माझं. पण प्रतिनिधिगृहात माणसं मोजून राज्याला जागा मिळतात, तुमच्याकडे माणसंच कमी.

मारित : इथं सेनेटमध्ये मोजत नाहीत, सगळी राज्यं सारखी. म्हणून तर इथं आले.

रसेल : तो सभागृहाचं कामकाज दाखवणारा टीव्ही बंद करता? जरा नीट बोलू. आई कशी आहे तुमची?

मारित : बरी आहे. आज फार चौकशी चाललीय.

रसेल : खरं सांगू आता? हरकत घ्यायला माणूस सभागृहात हजर लागतो. तुम्ही इथं मला कॉफी पाजताय. माझ्या मित्रानं तिकडे एव्हाना प्रस्ताव मांडलाही असेल.

मारित : म्हणजे ती माफी वेळ काढायला होती.

रसेल : थोडी खरीही होती.

मारित : रसेल, इतकी वर्षं काढलीत या इमारतीत. प्रत्येक राज्याचे सेनेटर दोन असतात हो.

रसेल : ऑर्विल सोरम? त्याच्याशी तुमचं बोलणंसुद्धा नाही. तुम्ही दिसलात की तो लिफ्ट सोडून जिन्यानं जातो, हे तुम्हीच सांगत असता.

मारित : जातोच. पण त्याची बायको त्या शाळेत शिकवायची. लावा टीव्ही, तोच उभा असेल.

रसेल : ...घेतली त्यानं हरकत. झालं. जानेवारीत नवी काँग्रेस, सगळं पहिल्यापासून, आणि मी तर निवडणूक हरलोय. त्या म्हाताऱ्यांनी तुमचं काय बिघडवलं होतं?

मारित : काहीच नाही. त्यांचं रुग्णालय होईल. जानेवारीत मी स्वतः मांडते, इथून. तेच गाव, तेवढ्याच खाटा.

रसेल : आणि वडिलांचं नाव?

मारित : ते समिती बघेल.